दाराशी थांबलेली पावलं

मामाच्या घरी जायचं तर एक नियम पाळावा लागतो. दाराशी थांबायचं नाही. जिना चढायचा, पॅसेजमधून यायचं आणि थेट दार ढकलून आत शिरायचं. बेल वाजवणं, टकटक करणं, 'येऊ का' म्हणून विचारणं हा सभ्यपणा इतरांच्या घरी. मामाचं दार दिवसभर नुसतं लोटलेलं असतं. काही कारणाने बाहेर उभं राहणं अगदी भागच असेल, तर तोंडाने काहीतरी आवाज चालू ठेवायचा. पोस्टमन बिचारा शीळ घालतो. विजेचं मीटर बघायला येणारा माणूस जिन्यापासूनच स्वतःशी मोठमोठ्याने बोलायला लागतो. खालच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरणीने त्याला आधी वेडाच ठरवला होता.

"आणि चोर आला म्हणजे?" मी एकदा मामाला विचारलं. चोर थांबत नाही, त्याला घाई असते, असं मामाचं म्हणणं.

लोकांना हा म्हातारपणाचा चक्रमपणा वाटतो. मामाच्या पाठीमागे हसतात, आणि कोणी माझ्यासमोर हसलं की माझं डोकं फिरतं. प्रत्येकाशी वेगळं भांडत बसण्यापेक्षा एकदा सगळं सांगून टाकलेलं बरं.

मामा सिनेमात होता. हे ऐकून लोक लगेच पुढे सरसावतात आणि विचारतात, कुठल्या सिनेमात दिसतो? कुठल्याच नाही. मामा दिसत नाही, ऐकू येतो. चित्रीकरण चालू असताना पावलांचे आवाज नीट पकडता येत नाहीत, म्हणून नंतर बंद खोलीत पडद्याकडे बघत कोणीतरी ती पावलं पुन्हा चालायची असतात. हा कोणीतरी म्हणजे माझा मामा. पडद्यावर जिना उतरायची ती नायिका, आणि टाचा वाजायच्या त्या मामाच्या. बायकांच्या चपलांत त्याचं पाऊल मावायचं नाही. मग तो गुडघ्यावर बसून त्या चपला हातांत घालायचा आणि फळीवर हातांनी चालायचा. मामीने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती इतकी हसली की तिला बाहेर नेऊन बसवावं लागलं.

त्याची ती खोली मी अनेकदा पाहिली आहे. जमिनीचे चौकोन पाडलेले. एकात फरशी, एकात लाकडी फळ्या, एकात वाळू, एकात खडी, एकात वाळलेला पाचोळा. भिंतीशी बुटांचं कपाट; त्यात शिपायांचे बूट, डॉक्टरांचे बूट, भिकाऱ्याच्या फाटक्या वहाणा. आणि मधोमध भिंतीशिवाय उभी असलेली दारं. त्यातल्या एका दाराच्या बिजागरीला तेल घालायला मामाने कोणालाही कधी परवानगी दिली नाही. साफसफाईवाल्याने एकदा दया येऊन तेल घातलं, तर मामा दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. स्टुडिओत मामाला नावाने कोणी हाक मारायचं नाही. सगळे त्याला 'पावलं' म्हणायचे. पावलं आली का? पावलांना चहा द्या. पावलांचं आज डोकं दुखतंय. असं सगळं अगदी गंभीरपणे चालायचं.

घरातसुद्धा काळा चष्मा घालणारा एक दिग्दर्शक होता, आणि मामाचा खरा जम बसला तो त्याच्या भीतीच्या सिनेमांत. काळ्या चष्म्याने पहिल्या सिनेमात रबराचं भूत केलं होतं. दात, नखं, डोळ्यांतून वाहणारं रक्त, काही म्हणजे काही कमी ठेवलं नव्हतं. थोड्या लोकांना बोलावून सिनेमा दाखवला, तर भूत पडद्यावर आल्याबरोबर सगळं थिएटर हसायला लागलं. पुढच्या रांगेतला एकजण बायकोला म्हणाला की हा तर तुझा थोरला भाऊ. काळा चष्मा तोंड पाडून मामाच्या खोलीत येऊन बसला. मामाने त्याला सांगितलं, ते रबर फेकून द्या. दिवा ठेवा, पलंगावरची मुलगी ठेवा, बंद दार ठेवा. बाहेरून मी चालतो.

आणि तो चालला. पावलं पॅसेजमधून सावकाश येतात. घाई नाही, चोरून येणंही नाही. दारापर्यंत येतात आणि थांबतात. मग काहीच नाही. पडद्यावर नुसतं दार, आणि ते बघणारी मुलगी. हे इतकं लांबवलं की एडिटरने कपाळावर हात मारून घेतला. पण थिएटरात त्या जागी कोणी हूं की चूं केलं नाही. बायकांनी डोळे झाकून घेतले, आणि बघण्यासारखं समोर होतं काय, तर एक बंद दार! त्यानंतर काळ्या चष्म्याच्या प्रत्येक सिनेमात कुठे ना कुठे मामाची पावलं दाराशी येऊन थांबायचीच. थांबताना मामा श्वाससुद्धा रोखून धरायचा, कारण त्या खोलीतल्या माइकला माणसाचा श्वास ऐकू यायचा.

मामी हे सिनेमे मजेत बघायची. मामी काज-बटणं करायची, अंगाने जाड, हसायला लागली की सुई खाली पडायची. एकदा चहा पिताना ती मामाला म्हणाली, "पावलं वाजतात तोवर मला काही होत नाही. हे तर आमचेच, म्हणून मी आपली हसत असते. पण थांबली की माझ्यासुद्धा पोटात गोळा येतो. असं करता काय तुम्ही तिथे?"

"काहीच करत नाही, तीच तर मेख आहे," मामा म्हणाला. "जिवंत माणूस दाराशी आला की काहीतरी करतो. बूट पुसतो, घसा खाकरतो, किल्ली चाचपतो, हाक मारतो. दाराशी येऊन जो काहीच करत नाही, तो जिवंत नसतो. हे कुणाला शिकवावं लागत नाही. लोकांना आतून ठाऊक असतं."

मी तिथेच बसले होते. भूत दाखवलं की ते आपलं होतं, नाही दाखवलं की ते बघणाऱ्याचं होतं, असंही तो म्हणाला. आपण नुसती खोली रिकामी करून द्यायची, सामान लोक आपापल्या घरून आणतात. मामीने त्याला बिस्किट दिलं आणि पुरे आता म्हणाली.

त्यांना एकच मुलगा. मामी त्याला घोडा म्हणायची, कारण त्याला जिना नीट चढता येत नसे. दोन-दोन पायऱ्या घेत धडाधड यायचा, येताना कठड्यावर तळहात आपटायचा. शेवटच्या तीन पायऱ्या मात्र एकेक करून, कारण लहानपणी तिथेच पडून दात तुटला होता. पॅसेजमध्ये त्याची उजवी टाच किंचित घासायची. आवाज ऐकला की मामी हातातलं काज तसंच टाकून म्हणायची, आला माझा घोडा. आणि घोडा दार उघडायचाही नाही, अंगाने ढकलायचा. मोठा झाल्यावर तो मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत नोकरीला लागला. मामीला ते पसंत नव्हतं, पण पोराला धरून ठेवणारी आई ती नव्हती. तो गेला आणि जिना शांत झाला.

पुढे मामीच्या रक्तातल्या साखरेने तिचे डोळे नेले. आधी सुईचं नेढं दिसेना, मग माणसं दिसेनात. त्यानंतर हृदयाचं दुखणं सुरू झालं आणि ती पलंगाला खिळली. मी तेव्हा शाळेच्या कचेरीत काम करत असे. काम संपलं की मामीकडे जाऊन बसायची.

आणि अशातच स्टुडिओत मामाला फोन आला. कुठल्यातरी लांबच्या बंदरात इंजिनखोलीत अपघात झाला होता. क्रियाकर्म सगळं तिकडेच उरकलं होतं. इकडे आली ती त्याची पेटी: थोडे कपडे, दाढीचं सामान आणि तपकिरी बूट. मामाने पेटी घरी आणली नाही. स्टुडिओतच ठेवली, आणि बूट त्या कपाटात, शिपायांच्या आणि डॉक्टरांच्या बुटांशेजारी.

मामीला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मामाने ठरवलं की तिला हे कळू द्यायचं नाही. मला सांगितलं, कारण एकट्याला पेलवेना. मी त्याच्याशी कडकडून भांडले. आईपासून हे लपवायचं म्हणजे काय? तो म्हणाला, तिचे थोडेच दिवस उरलेत, नंतर सांगू. नंतर म्हणजे कधी, आणि कुणाला? मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि भांडण सोडून दिलं.

मग खोटं सुरू झालं. जहाज फार लांब आहे, फोन लागत नाही. जहाज दुरुस्तीला थांबलंय. मामा हे सगळं इतकं वाईट सांगायचा की मला लाज वाटायची. आयुष्यभर आवाजांची नक्कल केलेल्या माणसाला साधं खोटं बोलता येऊ नये? घरी तो रडू शकत नव्हता, कारण मामीचे कान सगळं ऐकायचे. स्टुडिओत माइक बंद करून पाचोळ्याच्या चौकोनात तो नुसता फेऱ्या मारायचा. हे मला साफसफाईवाल्याने सांगितलं. इकडे मामीही माझ्यापाशी एकटीच रडायची आणि वर मला बजावायची, त्यांना सांगू नकोस हं, ते आधीच काळजीत असतात. एकाच पोरासाठी ती दोघं दोन ठिकाणी रडत होती, आणि मध्ये मी.

एक दिवस मामी म्हणाली की तिला आता फारसं काही नको. पोराचं तोंड तर दिसणार नाहीच. नुसता एकदा त्याच्या पावलांचा आवाज जिन्यावर ऐकू यावा, मग ती निघायला मोकळी. मामा खिडकीशी उभा होता. त्याच्या डोक्यात काय आलं ते मला तिथल्या तिथे कळलं.

दुपारच्या औषधाने मामीला गुंगी यायची. त्या गुंगीत पावलं जिना चढून येतील, दार ढकलून आत येतील, पलंगाशी उभी राहतील आणि परत जातील. मग मी सांगायचं की घोडा आला होता, तू झोपली होतीस, उठवू नको म्हणाला, जहाज संध्याकाळीच सुटणार होतं. असा बेत. बोलायचं काही नव्हतं, म्हणजे आवाजाने पकडलं जाण्याची भीती नव्हती. मी आधी चिडले. मग मामीचं तोंड आठवलं आणि हो म्हणाले. दुसरं काय देणार होतो आम्ही तिला?

ती दुपार मला जशीच्या तशी आठवते. मी पलंगाजवळ स्टुलावर बसून शर्टाला बटण लावत होते. मामीचे डोळे मिटलेले होते. खाली जिन्यावर आवाज झाला. दोन पायऱ्या, पुन्हा दोन, कठड्यावर तळहात. तो मामा आहे हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी माझ्या अंगावर काटा आला, कारण येत होता तो घोडाच. शेवटच्या तीन पायऱ्या एकेक करून. मग पॅसेजमध्ये ती घासणारी टाच.

मामीने डोळे उघडले. "आला," ती म्हणाली. "आला गं माझा घोडा."

तिने कपाळावरचे केस मागे सारले, चादर सरळ केली, उठून बसायला लागली. वर्षभरात तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. मला वाटलं, मामाचंच बरोबर होतं, मीच मूर्ख. पावलं जवळ आली, दारापर्यंत आली.

आणि थांबली.

मी दाराकडे बघत राहिले. आता ढकलेल, आता ढकलेल. बेत ठरलेला होता, दार लोटलेलं होतं, मध्ये काही नव्हतं. दार हललं नाही. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. बाहेर काहीच नाही, श्वाससुद्धा नाही. मामा कसा उभा असेल ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. पाय जुळवून, श्वास रोखून, आयुष्यभर उभा राहत आला तसा. आणि ते माहीत असूनही मला भीती वाटली, मनापासून वाटली.

मामीचा हात चादरीवरच राहिला होता. तोंडावरचं हसू थोडा वेळ तसंच होतं. मग ते गेलं.

"काहीच करत नाहीये," ती हळूच म्हणाली. मग माझ्याकडे तोंड वळवून विचारलं, "घोडा गेला ना गं?"

खोटं माझ्या तोंडात तयार होतं. ते बाहेर आलं नाही. मला रडू फुटलं, आणि तेच तिला उत्तर मिळालं. मग तिने दाराच्या दिशेने हाक मारली.

"अहो, आत या. तिथे उभे राहू नका."

मामा आत आला. लेकाचे तपकिरी बूट घालून, पोरासारखा मान खाली घालून. पलंगाजवळ आला आणि खाली जमिनीवर बसला. मामीचा हात चाचपडत त्याच्या खांद्यावर गेला, तिथून गुडघ्यावर, तिथून बुटावर. ती बूट चाचपत राहिली. टाच झिजलेली होती तिथे बोट फिरवलं.

"घट्ट होतात तुम्हाला," ती म्हणाली.

"अंगठ्याला लागतात."

"मग काढा की."

त्याच्याने गाठ सुटेना. मामीने पाय इकडे करा म्हणून खूण केली आणि आंधळ्या बोटांनी नाडी सोडवली. काज-बटणवालीची बोटं ती, त्यांना बघावं लागत नव्हतं. एक बूट काढून तिने मांडीवर ठेवला, मग दुसरा. मग ती दोघं रडायला लागली, आणि मी शर्ट तिथेच ठेवून स्वयंपाकघरात गेले.

डॉक्टर म्हणत होते तसं काही झालं नाही. मामी त्यानंतर बरेच दिवस जगली. पोराविषयी सगळं विचारून घेतलं, फोनवर काय सांगितलं, कोणी सांगितलं, पेटीत काय काय होतं. रागावलीही मामावर. एवढे दिवस मला एकटीला ठेवलंत, म्हणाली. पण दुपारी दोघं एकाच खोलीत बसून त्याच्याविषयी बोलायची, आणि बूट पलंगाखाली होते. ती गेली तेव्हा मामाचा हात तिच्या हातात होता.

असं का केलंस, हे मी मामाला पुढे एकदाच विचारलं. मी काही केलं नाही, पाय थांबले, असं तो म्हणाला. आजवर कुठल्याच दाराशी आत जायला म्हणून तो चालत आला नव्हता, पायांना पुढचं ठाऊकच नव्हतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. ते बूट घालून आत जाणारा आता घोडा नाही, हे त्या दाराशी त्याला पहिल्यांदा समजलं असावं. पण मी वाद घातला नाही. काळ्या चष्म्याने नवा सिनेमा काढला आणि माणूस पाठवला, तेव्हा मामाने साफ नाही सांगितलं. चालेन, पण थांबणार नाही म्हणाला. थांबणार नाही तर पावलांचा उपयोग काय, म्हणून ते काम दुसऱ्याला गेलं. मामाने खोलीच्या किल्ल्या परत केल्या आणि घरी दाराशी न थांबण्याचा नियम केला.

मला वाटायचं, हा नियम भीतीपोटी आहे. परवापर्यंत वाटायचं.

परवा मी भाजीच्या दोन पिशव्या घेऊन गेले होते. माझेही गुडघे आता पूर्वीचे राहिले नाहीत. जिना चढले, पॅसेजमधून आले आणि दारापाशी असा दम लागला की बोलताही येईना. पिशव्या खाली न ठेवता नुसती उभी राहिले. आत खुर्ची करकरली. मग काहीच नाही. मामा ऐकत होता.

मला हाक मारायची होती, आवाज निघत नव्हता. तेवढ्यात आतून मामाचा आवाज आला. त्यात भीती नावालाही नव्हती. पोरगं उशिरा घरी आलं आणि रागावतील म्हणून दाराशी घुटमळलं, तर बाप ज्या आवाजात बोलतो, तो आवाज.

"ये ना, घोड्या," तो म्हणाला. "आत ये."

मी दार ढकललं. मामा खुर्चीतून अर्धा उठला होता. मला बघितलं, मग सावकाश बसला.

"तू होय," म्हणाला. "दमलीस. ठेव त्या पिशव्या, पाणी देतो."